एकाच दराचा प्राप्तिकर आणि मिरचीची हिशेबपट्टी

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. उन्हाळ्यात लावलेली मिरची पावसाळ्याच्या तोंडाशी तोडणीला येते आणि मग हंगामभर गावात मालवाहू गाड्यांची वर्दळ असते. गोणी काट्यावर चढते, भाव ठरतो, माल परराज्याच्या वाटेला लागतो आणि शेतकऱ्याच्या हातात हिशेबपट्टी पडते. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि सगळ्यात खाली हाती येणारी रक्कम, एवढाच मजकूर.

त्या एका गोणीतून किमान चार जणांचे उत्पन्न निघते, आणि प्राप्तिकराचा कायदा चौघांना चार वेगळे नियम लावतो. शेतकऱ्याचे उत्पन्न पूर्ण करमुक्त. आडत्याची पेढी भागीदारीत असेल तर तिच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर; सूट नाही, टप्पा नाही. गाडीमालकाकडे १० पर्यंत मालवाहू गाड्या असतील तर त्याला खऱ्या नफ्याचा हिशेब ठेवण्याची सक्तीच नाही. एकूण वजन १२ टनांपर्यंत असलेल्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये आणि त्याहून जड गाडी असेल तर टनामागे महिन्याला १,००० रुपये कमाई झाली असे धरून तो मोकळा होऊ शकतो. उरला तो स्वतःच्या नावावर माल घेऊन विकणारा व्यापारी. त्याला पगारदारांसारखेच चढत्या दराचे टप्पे लागतात.

हे पाहिले की कोणालाही वाटेल, एवढी भानगड कशासाठी? सगळ्या टप्प्यांना, सवलतींना आणि वजावटींना निरोप द्यावा आणि सगळ्यांना सरसकट एकच दर लावावा. ही मागणी जुनी आहे आणि ती जगभर वेळोवेळी डोके वर काढते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या हूवर संस्थेचे रॉबर्ट हॉल आणि अल्विन रबुष्का यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिला नेटका आराखडा दिला. सगळ्यांना १९ टक्के दर, कुटुंबामागे एक ठरावीक सूट आणि पोस्टकार्डावर मावेल एवढे विवरणपत्र. त्या पोस्टकार्डाने अनेक देशांच्या अर्थमंत्र्यांना भुरळ घातली.

मागणीत तथ्य किती आहे हे पाहण्याआधी एक घोळ मिटवायला हवा. ‘सगळ्यांना सारखा कर’ याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. सारखी रक्कम हा एक आणि सारखा दर हा दुसरा. महाराष्ट्रात सारख्या रकमेच्या जवळ जाणारा एक कर पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला दिसतो, तो म्हणजे व्यवसाय कर. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या खर्चासाठी पैसा उभा करायचा म्हणून राज्याने १९७५ मध्ये हा कर आणला. ज्या मराठवाड्याने तो दुष्काळ अंगावर काढला, तिथे या कराचे मोल वेगळे सांगायला नको. महिना १०,००० रुपयांहून जास्त पगार असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याकडून वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. महिलांना २०२३ पासून २५,००० रुपयांच्या पगारापर्यंत माफी आहे. त्यापुढे पगार ३०,००० असो की ३ लाख, कापले जाणारे पैसे तेवढेच, कारण राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. हिशेब सोपा आहे, पण छोट्या पगारदाराला तो जड जातो आणि मोठ्याला जाणवतही नाही.

एकाच दराचा प्राप्तिकर असा नसतो. त्यात जास्त कमावणारा जास्त रक्कम भरतोच. फक्त उत्पन्न वाढले म्हणून दर वाढत नाही.

आता आकडे मांडून पाहू. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. त्यापुढच्या दर ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. टप्पा ओलांडला की सगळ्या उत्पन्नावर वरचा दर बसतो असा समज अनेकांच्या मनात घट्ट आहे, पण तसे नाही. वरचा दर फक्त वरच्या भागाला लागतो. १६ लाख उत्पन्न असलेल्याचा कर २०,००० अधिक ४०,००० अधिक ६०,००० असा १ लाख २० हजार होतो. २४ लाखांवर तो ३ लाख आणि १ कोटीवर २५ लाख ८० हजार. उपकर आणि अधिभार तूर्त बाजूला ठेवले आहेत.

समजा हे सगळे टप्पे काढले आणि ४ लाखांच्या वर सरसकट १५ टक्के ठेवले. २४ लाखांच्या उत्पन्नावर कर पुन्हा बरोबर ३ लाखच येतो. ४ ते २४ लाखांमधल्या प्रत्येकाचा मात्र वाढतो आणि वरच्या प्रत्येकाचा घटतो. १६ लाखवाला १ लाख २० हजारांऐवजी १ लाख ८० हजार भरेल. वर्षाला ९ लाख मिळवणारा शिक्षक आज १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे काहीच भरत नाही. त्याला ७५,००० रुपये भरावे लागतील. १ कोटी कमावणाऱ्याचे ११ लाख ४० हजार वाचतील. एकाच दराच्या बाजूने बोलणारे बहुतेक वेळा हा तक्ता दाखवत नाहीत.

पण विरोधकांनीही दुसरा तक्ता पाहावा. करमुक्त मर्यादा ४ लाखांऐवजी सरळ १२ लाख केली आणि त्यावर एकच दर ठेवला, ३० टक्के, तर काय होईल? १२ ते १६ लाखांमधल्या सगळ्यांचा कर आजच्यापेक्षा कमी येतो. १६ लाखांवर तो आजच्याइतकाच, १ लाख २० हजार. त्यापुढे वाढतो, पण कोणाचाही ६०,००० रुपयांहून जास्त वाढत नाही. १ कोटीवर २६ लाख ४० हजार. दर एकच, तरी हा कर गरीब-श्रीमंतात फरक करतो, कारण मोठी करमुक्त मर्यादा स्वतःच चढत्या दराचे काम करते. म्हणजे एकाच दराचा कर श्रीमंतधार्जिणा की गरीबधार्जिणा, याचे उत्तर दरात नाही. करमुक्तीची रेघ कुठे ओढली यात आहे.

या दुसऱ्या आराखड्याचा एक खरा फायदा आहे. आज १२ लाखांपर्यंत कर शून्य आहे तो टप्प्यांमुळे नव्हे, तर हिशेबाने निघालेला ६०,००० रुपयांचा कर सवलत म्हणून माफ होतो म्हणून. उत्पन्न १२ लाख १० हजार झाले की टप्प्यांच्या हिशेबाने कर ६१,५०० निघतो. हे अन्यायाचे होईल म्हणून कायद्याने आणखी एक तरतूद केली आहे: कर हा १२ लाखांवरच्या जादा कमाईपेक्षा जास्त नसावा. म्हणून १०,००० रुपयेच कर बसतो, वर ४ टक्के उपकर. म्हणजे जादा मिळालेले सगळेच्या सगळे १०,००० रुपये सरकारजमा होतात आणि पदरचे ४०० रुपये जातात. हा प्रकार साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत चालतो. वर्षाअखेरीस थोडी थकबाकी हातात पडलेल्या कर्मचाऱ्याला हा हिशेब समजावून सांगताना कर सल्लागारांची दमछाक होते. एकाच दराच्या आराखड्यात हा कडा उरत नाही, आणि हे त्याच्या बाजूने मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

भारतात प्राप्तिकराची सुरुवात जवळपास सरळ दरानेच झाली होती. १८५७ च्या उठावाने रिकामी केलेली तिजोरी भरण्यासाठी ब्रिटिश सरकारचे वित्त सदस्य जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये हा कर आणला. वर्षाला २०० रुपयांखाली माफी, ५०० पर्यंत २ टक्के आणि त्यावर ४ टक्के. शेतीचे उत्पन्नही त्यात धरलेले होते. ते कायमचे वगळले गेले १८८६ च्या कायद्याने. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा प्राप्तिकर कायदा फसली १३५७ मधला, म्हणजे १९४७-४८ चा. भारताचा कायदा तिथे लागू झाला १ एप्रिल १९५० पासून. त्यामुळे मराठवाड्यातल्या जुन्या पेढ्यांना मुंबई-पुण्याच्या पेढ्यांपेक्षा या कराची ओळख बरीच उशिरा झाली.

टप्प्यांचा कळस झाला १९७३-७४ मध्ये. यशवंतराव चव्हाण तेव्हा केंद्रात अर्थमंत्री होते. ११ टप्पे, सर्वांत वरचा दर ८५ टक्के, त्यावर १५ टक्के अधिभार, एकूण ९७.७५ टक्के. २ लाखांच्या वर कमावलेल्या १०० रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याकडे उरायचे. वांछू समितीने १९७१ मध्येच सांगून ठेवले होते की असे दर करचुकवेगिरीला खतपाणी घालतात आणि ते उतरवले पाहिजेत. चव्हाणांनीच १९७४-७५ च्या अर्थसंकल्पात कमाल दर ७७ टक्क्यांवर आणला. पुढे १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांनी ८ टप्प्यांचे ४ केले आणि कमाल दर ५० टक्क्यांवर आणला. मनमोहन सिंग यांनी १९९२ मध्ये तीनच दर ठेवले: २०, ३०, ४०. चिदंबरम यांनी १९९७ मध्ये ते १०, २०, ३० केले. त्या २५ वर्षांची दिशा स्पष्ट होती, टप्पे कमी आणि दर खाली. २०२० मध्ये आलेल्या नव्या करप्रणालीने वजावटी छाटल्या, पण टप्पे पुन्हा वाढवले. आज शून्याचा धरून सात आहेत.

याच प्रवासात एक प्रयोग होऊन गेला, तो लहान दुकानदारांच्याही आता स्मरणात नसेल. १९९२ च्या अर्थसंकल्पाने वर्षाला ५ लाखांपर्यंत उलाढाल आणि ३५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या किरकोळ व्यापाऱ्याला सांगितले की १,४०० रुपये भर आणि मोकळा हो. वह्या नकोत, तपासणी नको. काही वर्षांतच ती योजना बंद झाली. तिची जागा घेतली उलाढालीच्या ठरावीक टक्क्याला नफा मानणाऱ्या तरतुदीने. आज २ कोटींपर्यंत उलाढाल असलेला छोटा व्यापारी रोखीच्या विक्रीचा ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेचा ६ टक्के नफा दाखवून हिशेबवह्यांच्या सक्तीतून सुटू शकतो. ही सोय कमिशनवर धंदा करणाऱ्यांना मात्र नाही. त्यामुळे पिंपळगावच्या बाजारात मिरची विकत घेणारा छोटा व्यापारी टक्क्यावर मोकळा होतो आणि शेजारच्या गाळ्यातला आडत्या रीतसर वह्या लिहितो.

परदेशांत काय झाले? एस्टोनियाने १९९४ मध्ये सोव्हिएत छायेतून बाहेर पडताना २६ टक्क्यांचा एकच दर आणला. आज तो २२ टक्के आहे आणि देशाने तो सोडलेला नाही. रशियाने २००१ मध्ये १२, २० आणि ३० टक्क्यांचे टप्पे मोडून १३ टक्के केले. वसुली जोरात वाढली आणि जगभर गवगवा झाला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी २००५ मध्ये त्या वाढीची चिकित्सा केली. लोक कर जास्त प्रामाणिकपणे भरू लागले हे त्यांना दिसले, पण वाढीचे श्रेय एकाच दराला देता येईल असा पुरावा सापडला नाही. २०२१ मध्ये रशियाने वरच्या उत्पन्नाला १५ टक्के लावले आणि २०२५ पासून तिथे १३ ते २२ टक्क्यांचे पाच दर आहेत. स्लोव्हाकियाने २००४ मध्ये व्यक्तीला, कंपनीला आणि विक्रीवरही १९ टक्के असा सुबक आराखडा केला. २०१३ मध्ये मोडला. लॅटव्हिया आणि लिथुआनियाही परत फिरले. बल्गेरियात १० आणि हंगेरीत १५ टक्के टिकून आहेत. मात्र हंगेरीत वस्तूंवरचा कर २७ टक्के आहे, युरोपीय संघात सर्वांत जास्त. प्राप्तिकरात सोडलेले पैसे सरकारला दुसरीकडून घ्यावेच लागतात, आणि वस्तूवरचा कर मजुरालाही सुटत नाही.

मराठी मुलखात याहून धाडसी कल्पना मांडली गेली, तीही पिंपळगावपासून फार दूर नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, औद्योगिक वर्तुळातले यांत्रिकी अभियंते अनिल बोकील आणि त्यांचे सहकारी ‘अर्थक्रांती’ या नावाने अनेक वर्षे एक प्रस्ताव घेऊन फिरले. आयातशुल्क वगळता प्राप्तिकरासह सगळे कर रद्द करावेत, बँक खात्यात जमा होणाऱ्या प्रत्येक रकमेवर २ टक्क्यांच्या आसपास एकच कर घ्यावा आणि मोठ्या नोटा चलनातून काढाव्यात. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर या प्रस्तावाची देशभर चर्चा झाली. सामान्य माणसाला कराच्या जाचातून सोडवण्याची तळमळ त्यामागे होती आणि मराठवाड्यातल्या एका गटाने देशाच्या करव्यवस्थेवर इतका मुळातून विचार केला, याची नोंद घ्यायलाच हवी.

पण प्रस्ताव मिरचीच्या बाजारात नेऊन पाहिला की अडचण समोर येते. शेतकऱ्याच्या खात्यात पैसे आले, २ टक्के. आडत्याच्या खात्यात, २ टक्के. व्यापाऱ्याच्या, परराज्यातल्या घाऊक विक्रेत्याच्या, पुन्हा तेवढेच. चार हात बदलले की मालाच्या किमतीत सुमारे ८ टक्के कर मुरतो, आणि त्या साखळीत कोणाला नफा झाला की तोटा, हे कोणी विचारत नाही. व्यापाऱ्याला ३ टक्के सुटत असतील तर २ टक्के कराने त्यातले दोन तृतीयांश जातात. भाव पडून शेतकऱ्याचा तोडणीचा खर्चही निघाला नाही, तरी जमा झालेल्या रकमेवर कर आहेच. आज हाच शेतकरी प्राप्तिकराबाहेर आहे. ब्राझीलने बँक व्यवहारांवर ०.३८ टक्क्यापर्यंत कर लावला होता. १९९७ ला सुरू झालेला तो कर २००७ अखेर संपला. भारतानेही २००५ ते २००९ या काळात बँकेतून मोठी रोकड काढण्यावर ०.१ टक्का कर घेऊन पाहिला. २ टक्के हा दर या दोन्हींच्या कितीतरी पट आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. प्राप्तिकर कशाने अवघड होतो? दरांमुळे नक्कीच नाही. टप्प्यांचा गुणाकार मोबाइल एका क्षणात करतो. त्याचा चोख पुरावा सुरुवातीच्या चौकडीतच आहे. भागीदारी पेढीला आजही एकच दर आहे, ३० टक्के. कंपनीनेही सवलती सोडल्या तर २०१९ पासून २२ टक्क्यांचा एकच दर निवडता येतो. तरीही पेढीचे किंवा कंपनीचे विवरणपत्र पोस्टकार्डावर मावत नाही, आणि चुकवेगिरी थांबलेली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राप्तिकर खात्याने जालन्यातल्या पोलाद उद्योगसमूहांवर छापे घातले, तेव्हा ५६ कोटींहून अधिक बेहिशेबी रोकड जप्त झाली. तो वाद किती टक्के लावायचे याचा नव्हता. कमाई वहीत दिसते का, हा होता.

अवघड आहे ती ‘उत्पन्न’ कशाला म्हणायचे ही गोष्ट. मिरचीचेच घ्या. हिरवी मिरची विकली तर ते शेतीचे उत्पन्न. घरच्या खळ्यावर वाळवून लाल मिरची विकली तरी शेतीचेच, कारण माल बाजारात नेण्याजोगा करण्यासाठी शेतकरी नेहमी करतो ती प्रक्रिया कायद्याला मान्य आहे. तीच मिरची कांडून, तिखटाची पाकिटे करून, छाप मारून विकली की प्रश्न उभा राहतो. मिरचीच्या बाजारभावाइतका भाग शेतीचा आणि त्यावरचा नफा धंद्याचा, असा दुभंग करावा लागतो. रोपवाटिकेत मिरचीची रोपे वाढवून विकली, तर ते शेतीचे उत्पन्न की नाही यावर वर्षानुवर्षे वाद झाले. २००८ मध्ये संसदेला कायद्यात खुलासा घालून ते शेतीचे ठरवावे लागले. त्याच शेतकऱ्याच्या गोठ्यातले दूध मात्र धंद्याचे उत्पन्न. दर एक असो वा सात, हे सगळे प्रश्न जिथल्या तिथे राहतात.

आणि कायद्यातला जवळजवळ प्रत्येक अपवाद कोणाच्या तरी खऱ्या अडचणीतून आला आहे. धंद्यात एका दिवसात एकाला १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर तो खर्च धरला जात नाही. पण शेतकऱ्याला त्याच्या मालाचे रोख पैसे दिले तर धरला जातो. बँकेतून वर्षात १ कोटीहून जास्त रोकड काढली की २ टक्के कपात होऊ लागली ती सप्टेंबर २०१९ पासून. त्याच महिन्यात बाजार समित्यांतल्या आडत्यांना आणि व्यापाऱ्यांना त्यातून सूट देणारी अधिसूचना निघाली, कारण शेतकऱ्याला रोख द्यावी लागते. कायद्याचे पुस्तक जाड झाले ते अशा ओळींनी. एका दराच्या नावाखाली त्या सगळ्या पुसल्या, तर काही ठिकाणी पहिला फटका पिंपळगावच्याच शेतकऱ्याला बसेल.

सर्वांत मोठा अपवाद अर्थातच शेतीचा. शेतीच्या उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिला आहे, केंद्राला नाही. १९७३ मध्ये केंद्राने त्यातून एक मधला मार्ग काढला. ज्याला शेतीबाहेरचेही करपात्र उत्पन्न आहे, त्याचे शेतीचे उत्पन्न फक्त दर ठरवण्यापुरते मिळवायचे. उदाहरणार्थ, धंद्यातून १५ लाख आणि शेतीतून १० लाख मिळवणारा व्यापारी. फक्त धंद्याचा हिशेब केला तर त्याचा कर १ लाख ५ हजार. शेती मिळवून काढलेल्या करातून शेतीचा वाटा वजा केला की तो २ लाख ४० हजार होतो. शेतीवर कर नाही, पण शेतीमुळे तो वरच्या टप्प्यात ढकलला जातो. एकच दर आला की टप्पेच नसल्याने हा मार्ग पूर्णपणे निकामी होतो, आणि १ लाख ३५ हजारांचा फरक शून्यावर येतो. धंद्याचा पैसा शेतीच्या नावावर दाखवणाऱ्यांची सोय त्याने वाढेल. महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात शेती उत्पन्नाची सूट दिलेली प्रकरणे तपासली, तेव्हा सुमारे २२.५ टक्के प्रकरणांत पुरेशी कागदपत्रे न पाहताच सूट दिल्याचे आढळले होते.

यावर सर्वांत समंजस उत्तर एका मराठी अर्थतज्ज्ञाने दोन दशकांपूर्वीच दिले होते. विजय केळकर हे नाव मराठवाड्यात प्रादेशिक असमतोलाच्या समितीमुळे ठाऊक आहे. पण २००२ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या कृतिगटाने प्रत्यक्ष करांचा जो आराखडा दिला, तो तितकाच मोलाचा. करमुक्त मर्यादा तेव्हाच्या ५०,००० वरून १ लाख, त्यापुढे २० आणि ३० असे दोनच दर, आणि बहुतेक सवलती बंद. शेतीबद्दल त्यांनी सुचवले की राज्यांनी संमती द्यावी, केंद्राने कर गोळा करावा आणि पैसा राज्यांनाच मिळावा. बहुतांश शेतकऱ्यांचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या खालीच असल्याने त्यांना झळ लागणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले होते. त्या अहवालातल्या सवलती छाटण्याच्या विचाराचे प्रतिबिंब आजच्या नव्या करप्रणालीत दिसते. शेतीच्या सूचनेला मात्र त्यानंतरच्या कोणत्याही सरकारने हात लावलेला नाही.

कर सोपा करण्याची खरी कामे या वाटेवरची आहेत. बँक, निबंधक कार्यालय आणि मालक यांच्याकडची माहिती आधीच भरून आलेले विवरणपत्र भरणे सोपे जाते. एस्टोनियाच्या यशात एका दराइतकाच वाटा ऑनलाइन भरण्याच्या त्या व्यवस्थेचा आहे, आणि भारतातही ती आता रुळली आहे. वजावटी कमी झाल्या की पावत्या जमवण्याचा खटाटोप संपतो. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्याने ८१९ कलमांची ५३६ केली आणि ‘मागील वर्ष’ व ‘आकारणी वर्ष’ ही जोडी काढून ‘कर वर्ष’ हा एकच शब्द ठेवला. या तिन्ही सुधारणांना एकाच दराची गरज पडली नाही.

पुढच्या निवडणुकीत एखादा पक्ष सर्वांना एकच प्राप्तिकर असे आश्वासन घेऊन येईल, तेव्हा मतदाराने दर किती हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. करमुक्त मर्यादा किती? आणि ज्याची मोठी कमाई धंद्यातून होते त्याने ती शेतीची म्हणून दाखवली, तर काय करणार? या दोन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाली, तरच त्या आश्वासनावर मत द्यावे.